शनिवार तेल्यांच्या नातवंडांची पाटी

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या समाजकेंद्रात एक व्याख्यान झाले. विषय होता, 'नोकरीच्या बाजारात स्वतःचा ब्रँड'. बोलावलेल्या बाई हुशार आणि बोलण्यात तरबेज. लोकांची लिंक्डइनवरची पाने सुधारून देणे हाच त्यांचा व्यवसाय. आपल्या समाजाची तीस-चाळीस मंडळी जमली होती. लष्करातून सुटलेली मुले, शिकून घरी बसलेल्या मुली, पन्नाशीत कामावरून कमी केलेले दोघे-तिघे, आणि खुर्च्या भरायला आमच्यासारखे पेन्शनर. बाईंनी आपल्यातल्याच एका मुलाचे पान, त्याच्या परवानगीने, भिंतीवर दाखवले. डावीकडे 'पूर्वी', उजवीकडे 'नंतर'.

'पूर्वी'च्या पानावर 'कर'ने संपणारे आडनाव होते. खाली नेगेवमधल्या तांत्रिक शाळेचे नाव होते. भाषांत हिब्रू, इंग्रजी आणि मराठी होत्या. शेवटी एक ओळ होती, सिनेगॉगमध्ये मुलांकडून बार-मित्स्वाची तयारी करून घेतो म्हणून. 'नंतर'च्या पानावर आडनावाची पहिली दोन अक्षरे तेवढी उरली होती, तीही हिब्रू वाटतील अशा बेताने लिहिलेली. शाळा गेली, मराठी गेली, सिनेगॉग गेले. त्यांच्या जागी आले 'उत्कट', 'रोश गादोल', 'निकालांसाठी झटणारा'. बाई म्हणाल्या, "आता हा कुठलाही मुलगा असू शकतो."

टाळ्या पडल्या. मुलाच्या आईने डोळे पुसले. आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि का वाजवल्या नाहीत ते त्या दिवशी तिथे सांगण्याचे धैर्यही आम्हांस झाले नाही. ते आज येथे सांगत आहोत.

ज्या वाचकांच्या घरी अजून हे प्रकरण पोहोचले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. लिंक्डइन ही कामधंद्याच्या ओळखीपाळखीची जागा. 2003 साली ती लोकांना खुली झाली, 2016 साली मायक्रोसॉफ्टने ती 26 अब्ज डॉलरांहून अधिक किंमत देऊन विकत घेतली, आणि 2023 साली तिच्या सभासदांची संख्या एक अब्जावर गेली. प्रत्येकाचे एक पान असते. वर फोटो आणि नाव, नावाखाली 220 अक्षरांत बसेल असा मथळा, मग आपल्याविषयी थोडे, मग नोकऱ्या, शिक्षण, कौशल्ये, भाषा. माणसे नेमणारे लोक तेथे शब्द टाकून शोध करतात. अमुक काम येणारा, तमुक गावचा, या-या भाषा जाणणारा. जो शब्द पानावर नाही, त्या शब्दाने तुम्ही सापडत नाही. इतका साधा हिशेब आहे.

तेव्हा हे पान नकोच, असे आमचे म्हणणे नाही. उलट, इतरांपेक्षा आपल्या लोकांना ते अधिक हवे. या देशात आल्यापासून आपण एक औषध ऐकत आलो, व्हिटॅमिन पी! म्हणजे प्रोतेक्त्सिया, वशिला. ज्याचा मामा कचेरीत त्याला खुर्ची, आणि ज्याचा मामा मुंबईच्या डोंगरीत राहिला त्याला पाळीचे काम. आजही ज्या मुलाचे सोबती 8200 तुकडीतून थेट हाय-टेकमध्ये गेले, त्याला पान नीट लिहिले नाही तरी चालते. त्याचे सोबतीच त्याचे पान. आपल्या दिमोनाच्या मुलाला तसे चालत नाही. त्याच्यासाठी कोणी फोन करीत नाही. मामा नसलेल्यांना नाव नोंदवता येईल असे हे एक रजिस्टर उघडे पडले आहे आणि आपण त्यात कोरे पान ठेवतो, याला काय म्हणावे?

कोरे पान ठेवण्याची ही खोड आमच्या पिढीची, हे कबूल केले पाहिजे. आपले गुण आपण सांगू नयेत, काम बोलते, असे आम्हांस शिकवले गेले. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ एका कारखान्यात एकतीस वर्षे तपासनीस होते. यंत्राचा सूक्ष्म दोष कानाने ओळखत. त्यांनी शिकवलेली तीन पोरे त्यांच्यावर अधिकारी झाली. निवृत्तीच्या दिवशी त्यांना घड्याळ मिळाले आणि भाषणात साहेबांनी त्यांचे नाव चुकीचे उच्चारले. घरी येऊन ते म्हणाले, "जाऊ दे, देव पाहतो." देव पाहतो हे खरेच. पण पगाराची श्रेणी देव ठरवीत नसतो.

आणि ही खोड खरोखर पूर्वापारची आहे काय? मुळीच नाही. रेल्वेत, पोस्टात, कस्टममध्ये, पलटणीत नोकरी केलेल्या आपल्या आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंका आठवा. तळाशी, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, कापडात बांधलेले एक पुडके असे. साहेबांची सर्टिफिकेटे. 'मी या माणसास सात वर्षे ओळखतो, हा प्रामाणिक व वक्तशीर आहे.' बदली झाली की हे पुडके आधी ट्रंकेत जाई, भांडी मागून. आजोबांना ब्रँड शब्द ठाऊक नव्हता, पण आपल्या कामाची साक्ष जपायची असते आणि वेळ आली की टेबलावर ठेवायची असते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. इकडे आल्यावर हिब्रू येईना म्हणून आम्ही गप्प बसलो, आणि पुढे त्या गप्प बसण्याला विनय असे नाव दिले.

तेव्हा आमचे भांडण पान लिहिण्याशी नाही. भांडण आहे ते पुसण्याशी.

माणसाने स्वतःला साबणाच्या वडीप्रमाणे ब्रँड समजावे ही कल्पना गाजवली टॉम पीटर्स या अमेरिकन लेखकाने, 1997 साली एका मासिकातल्या लेखात. त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. कंपनी तुम्हाला जन्मभर पोसणार नाही, तेव्हा तुमचे नाव तुम्हीच सांभाळा, असा त्याचा मथितार्थ. पण ब्रँड या शब्दाचे मूळ पाहा. तापल्या लोखंडाने जनावराच्या अंगावर उठवलेला डाग, म्हणजे ब्रँड. डाग कशासाठी? तर जनावर कोणाचे हे कळावे म्हणून. आमच्या व्याख्यात्या बाईंनी मात्र उलटे केले. कोणाचे हे कळू नये म्हणून डाग दिला.

आता आपल्या घरचा दाखला घ्या. कोकणात आपले पूर्वज तेलाचा घाणा चालवीत. सहा दिवस घाणा फिरे आणि शब्बाथला बैल सोडलेला असे. कुलाब्याच्या गावागावांतून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. वाचकहो, या दोन शब्दांत काय नाही? तेली म्हणजे धंदा काय ते सांगितले. शनिवार म्हणजे काय केल्यास हा माणूस धंदाही बंद ठेवील, ते सांगितले. गिऱ्हाइकाला याहून जास्त काय हवे असते? 220 अक्षरे सोडा, येथे सहाच अक्षरे आहेत. आणि मुख्य म्हणजे ही पाटी पूर्वजांनी स्वतः रंगवून दारावर लावलेली नव्हती. शेजाऱ्यांनी पाहिले, आणि पाहिले ते म्हटले. शनिवार लपवला असता तर ते नुसते तेली झाले असते. तसे तेली कोकणात पुष्कळ होते.

बाईंचे वाक्य आठवा, "आता हा कुठलाही मुलगा असू शकतो." बाई, तेच तर दुखणे आहे. कुठल्याही मुलाला कोण बोलावणार? कुठलीही मुले त्या रजिस्टरात कोट्यवधी आहेत.

येथे आमचे तरुण मित्र हरकत घेतात, आणि ती हरकत खोटी नाही. ते म्हणतात, काका, नाव वाचून अर्ज बाजूला टाकतात. होय, टाकतात. अमेरिकेत बॉस्टन आणि शिकागो येथे दोन अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवून पाहिले. 2004 साली त्यांचा निबंध छापून आला. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला एक बोलावणे येण्यास सुमारे दहा अर्ज लागले आणि काळ्या वाटणाऱ्या नावाला सुमारे पंधरा. योग्यता तीच, फक्त नाव वेगळे. माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच, तेव्हा या देशात असे घडतच नाही असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या देशात कामाच्या समान संधीचा 1988 चा कायदा आहे, आणि मूळ देशावरून भेद करण्यासही आज त्यात मनाई आहे. पण कायदा दाराशी उभा असतो, अर्ज चाळणाऱ्याच्या बोटावर बसलेला नसतो, हेही आम्ही जाणतो.

म्हणून ज्याने पोटासाठी नाव आखूड केले त्याला आम्ही दगड मारणार नाही. नावे आपण आजवर कितीदा बदलली! मुंबईतले आपले पहिले सिनेगॉग 1796 साली ज्यांनी बांधले ते सामाजी हासाजी दिवेकर, तेच सॅम्युएल इझिकेल. कोकणात सामाजी, सरकारी कागदावर सॅम्युएल, आणि आज त्यांचा वंशज येथे श्मुएल. गंमत अशी की सामाजीचा श्मुएल झाला तरी दिवेकर दिवेकरच राहिले.

कोणी म्हणेल, नट डेव्हिड यांनी नाही का आडनाव टाकले? 'बूट पॉलिश'मधले ते जॉन चाचा, डेव्हिड अब्राहम चेऊलकर, पडद्यावर नुसते डेव्हिड. खरे आहे. पण हिंदी सिनेमाच्या पाटीवर, कपूर आणि कुमार यांच्या गर्दीत, 'डेव्हिड' हेच त्यांचे वेगळेपण होते. त्या नावाने ते लपले नाहीत, उठून दिसले. येथे हिशेब उलटा आहे. येथे रस्त्यात 'दाविद' म्हणून हाक मारा, पाच जण वळून पाहतील. भारतात आपले यहुदीपण पहिल्या नावात होते, येथे आपले कोकण आडनावात आहे. पेण, चौल, राजपुरी, किहीम, नवगाव, ही गावे आज आपल्याजवळ आणखी कुठे उरली आहेत?

हिब्रूत 'कर' म्हणजे थंड, आणि शाळेत पोरे त्यावरून चिडवतात, हेही आम्ही ऐकून आहोत. आमच्याच घरात ऐकले आहे. तिसरीतल्या मुलाने त्यावर रडणे समजते. तीस वर्षांच्या इंजिनिअरने त्या तिसरीतल्या पोरांना घाबरून पान लिहावे, हे समजत नाही. उच्चार कठीण म्हणाल, तर आपले नाव आपल्याच आवाजात दहा सेकंद ऐकवण्याची सोय लिंक्डइनने 2020 साली केली. 'वाक्रूळकर' म्हणायला दोन सेकंद लागतात. आठ उरतात.

आणि आपल्या समाजाने ओळखीसाठी काय सोसले, याची आठवण द्यावी लागते हेच लाजिरवाणे. या देशात आपल्या विवाहांच्या वेळी पूर्वजांची चौकशी करावी असे फर्मान निघाले, तेव्हा आपली माणसे 1964 च्या उन्हाळ्यात येरुशलायमला धरणे धरून बसली. बायकामुलांसह बसली. त्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत असा निर्वाळा दिला. त्या माणसांना कोणी सांगितले असते की बाबांनो, 'बेने इस्राएल' हे नाव तेवढे पुसा, मग तुम्ही कुठलेही यहुदी असू शकता, तर त्यांनी ऐकले असते काय?

मराठी पानावरून का काढतात, हे तर आम्हांस अद्याप उमगले नाही. नाव अडचणीत आणील ही भीती एक वेळ समजू. भाषेने कोणाचे नुकसान झाले? 1992 साली भारताचे आणि इस्राएलचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळले. ठिबक सिंचनाच्या नळ्या महाराष्ट्रातल्या उसाला आणि द्राक्षाला पोहोचल्या, पुण्या-मुंबईशी इकडच्या कंपन्यांचे रोजचे बोलणे सुरू झाले. आणि ज्याच्या घरात आजी मराठी बोलते तो मुलगा पानावर 'स्पॅनिश, प्राथमिक' असे लिहितो, कारण लष्करानंतर तीन महिने दक्षिण अमेरिकेत पाठीवर पिशवी टाकून हिंडला! लिंक्डइनने स्वतः 2024 साली आपल्या भाषांच्या यादीत मराठी घेतली, आणि त्याच खेपेस हिब्रूही घेतली. परक्यांच्या कंपनीने आपल्या दोन्ही भाषा एका बाकावर बसवल्या, आणि आपण त्यांतली एक उठवून बाहेर काढतो.

अश्दोदच्या एका परिचारिका बाईंचे उदाहरण सांगतो, कारण सगळे दुखणे त्यात आले. चोवीस वर्षांची नोकरी, अतिदक्षता विभाग, रात्रपाळीची जबाबदारी. त्यांच्या पानावर मथळा होता, 'परिचारिका'. संपले. मुलीने तो बदलून केला, 'आरोग्यक्षेत्रातील उत्कट व प्रेरणादायी नेतृत्व'. आम्ही बाईंना विचारले, याचा अर्थ काय? त्या हसल्या. म्हणाल्या, "मला वाटलं तुम्हाला कळेल."

मग आम्ही दोन तास चहा पीत त्यांना नुसते विचारीत बसलो. रात्री किती खाटा असतात? नव्या मुलींना काय शिकवता, आणि आजवर किती जणींना शिकवले? अखेर, उठता उठता, त्यांनी एक गोष्ट सांगितली. आपल्या समाजाच्या म्हाताऱ्या बायका फार आजारी झाल्या की शिकलेली हिब्रू विसरतात आणि मराठीवर येतात. पन्नास वर्षे बोललेली भाषा जाते, चुलीजवळची राहते. अशा वेळी दुसऱ्या विभागांतून या बाईंना बोलावणे येते. त्या जाऊन पलंगाशी बसतात, "आजी, कुठं दुखतंय?" म्हणून विचारतात, आणि डॉक्टरला सांगतात. छातीत कळ आहे की पित्त आहे, याचा फरक त्यांच्या मराठीने ठरला आहे. हे त्यांनी पानावर का लिहिले नव्हते? "ते काय काम आहे का? ते आपलं असंच."

आपल्या लोकांचे खरे मोल बहुधा या 'आपलं असंच'मध्ये पडलेले असते. मुलीने लिहिलेल्या मथळ्यात ते नव्हते, आणि आईने लिहिलेल्या एका शब्दातही नव्हते. आता त्यांचा मथळा असा आहे: 'अतिदक्षता परिचारिका, 24 वर्षे, रात्रपाळी प्रमुख, नवीन परिचारिकांचे प्रशिक्षण, हिब्रू, मराठी, हिंदी, इंग्रजी'. यात एकही पोकळ विशेषण नाही. अर्जासोबतच्या कागदाला हिब्रूत 'कोरोत खाईम' म्हणतात, म्हणजे आयुष्यात जे घडले ते. घडले ते लिहावे. किती खाटा, किती वर्षे, किती माणसे हाताखाली, कोणते यंत्र. लष्करातले जे गुप्त ठेवायचे ते अर्थात गुप्तच ठेवावे. 'उत्कट' हा शब्द कोणीही लिहितो, किंबहुना आता लिहावाही लागत नाही. बटण दाबले की यंत्रच लिहून देते, आणि सर्वांना तोच देते.

आता थोडे कडू बोलतो. त्या रजिस्टरात साक्ष लिहिण्याची सोय आहे. ज्याच्याबरोबर आपण काम केले त्याच्याविषयी चार ओळी लिहायच्या, आणि त्या त्याच्या पानावर आपल्या नावासकट उमटतात. आजोबांच्या ट्रंकेतलेच ते पुडके. आपल्या समाजाची माणसे आज कारखान्यांत विभागप्रमुख आहेत, इस्पितळांत डॉक्टर आहेत, नगरपालिकांत आहेत. त्यांच्यापैकी किती जणांनी आपल्या हाताखालच्या बेने इस्राएल मुलासाठी त्या चार ओळी लिहिल्या? आम्ही तिघांना विचारले. एक म्हणाले, वेळ नाही. एकांनी उत्तर दिले नाही. तिसरे म्हणाले, "आपल्याच माणसाचं कौतुक केलं तर लोक प्रोतेक्त्सिया म्हणतील." वा! दुसऱ्यांनी भाच्यापुतण्यांना खुर्च्या दिल्या तेव्हा ते व्हिटॅमिन, आणि आपण खरे तेवढेच लिहिले तर तो गुन्हा? वशिला म्हणजे न पाहिलेले सांगणे. पाहिलेले सांगणे म्हणजे साक्ष. हा भेद ज्या प्रमुखांना कळत नाही त्यांनी आपल्या विभागाचा हिशेब तरी कसा ठेवला असेल, अशी शंका येते. असो.

व्याख्यानातला तो मुलगा परवा भेटला. 'नंतर'च्या पानावर चार महिने काढून त्याला दोन बोलावणी आली आणि दोन्हीकडून नकार आला. तेव्हा ब्रँडने त्याचे भले केले असेही नाही आणि वाटोळे केले असेही नाही. तो आता तिसरे पान लिहीत होता. आडनाव पुरे परतले होते, शाळा परतली होती, बार-मित्स्वाची ओळही होती, आणि त्या ओळीत आता मुलांचा आकडा होता: नऊ. मराठीही होती, पण तिच्यापुढे त्याने 'प्राथमिक' असे लिहिले होते.

ते त्याच्या आजीने वाचून घेतले. "प्राथमिक म्हणजे चौथीपर्यंत ना रे?" त्याने समजावले की आजी, पाच पायऱ्या असतात, ही खालची, सगळ्यांत वरची मातृभाषेची. आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आणि माझ्याशी भांडतोस ते कुठल्या पायरीवरनं?"